लोकलमध्ये व्हिडिओ नेमका अडकतो कशामुळे

रेंजच्या काड्या फुल्ल, वर फाइव्ह-जी लिहिलेलं, आणि व्हिडिओच्या मधोमध ते गोल फिरतंय. डब्यात कुणालाही कारण विचारा, उत्तर ठरलेलं असतं, गाडी स्पीडमध्ये आहे ना म्हणून नेट पकडत नाही. वाटतंही तसंच, कारण घरी बसलं की व्हिडिओ नीट चालतो आणि गाडी सुटली की अडकतो, मग दोष गाडीच्या वेगाचाच असणार. पण फोर-जी बनवतानाच ताशी ३५० किमी वेगाने जाणाऱ्या गाडीतही ते चाललं पाहिजे असं धरून बनवलंय, आणि आपली फास्ट लोकल अगदी मोकळ्या ट्रॅकवर सुद्धा ताशी शंभर-एकशेदहाच्या पुढे जात नाही. उलट नीट लक्ष देऊन बघा, व्हिडिओ सगळ्यात जास्त कुठे अडकतो? दादरला, ठाण्याला, कुर्ल्याला, म्हणजे जिथे गाडी थांबलेली असते किंवा रखडत चाललेली असते तिथे. वेग हे मुख्य कारण असतं तर उलटं व्हायला पाहिजे होतं.

मग कारण काय, हे समजायला आधी व्हिडिओ फोनवर येतो कसा ते बघू. हा भाग जरा किचकट आहे पण एकदा डोक्यात बसला की बाकीचं सगळं आपोआप उलगडत जातं.

आपल्याला वाटतं आपण एक व्हिडिओ लावला म्हणजे एक फाइल उघडली. तसं नसतं. सर्व्हरवर त्या एका व्हिडिओच्या पाच-सहा कॉपी ठेवलेल्या असतात, १४४पी, २४०पी, ३६०पी, ४८०पी, ७२०पी, १०८०पी अशा, आणि प्रत्येक कॉपीचे दोन ते दहा सेकंदांचे बारके बारके तुकडे केलेले असतात. फोन आधी एक यादी मागवतो, कुठल्या क्वालिटीचा कितवा तुकडा कुठे ठेवलाय याची, आणि मग एकेक तुकडा मागवत जातो. आता यातली खरी गंमत अशी की प्रत्येक तुकडा मागवताना फोन नव्याने ठरवतो की पुढचा तुकडा कुठल्या क्वालिटीचा घ्यायचा. मागचा तुकडा पटकन आला तर पुढचा ७२०पी, उशिरा आला तर ३६०पी. म्हणून व्हिडिओ लावल्या लावल्या पहिले काही सेकंद चेहरे धुरकट दिसतात आणि मग एकदम स्वच्छ होतात, फोनने सुरुवातीला मुद्दाम हलका तुकडा घेतलेला असतो, तुम्हाला ताटकळत ठेवायला नको म्हणून. अॅपलने २००९ मध्ये एचएलएस नावाची पद्धत आणली, २०१२ मध्ये डॅश नावाचं स्टँडर्ड आलं, आणि आज तुम्ही ज्या कुठल्या अॅपवर सिनेमा किंवा सिरियल बघता ते जवळजवळ सगळे याच दोन पद्धतींवर किंवा त्यांच्या भावंडांवर चालतात.

आलेला तुकडा लगेच दाखवला जात नाही, आधी साठवला जातो, यालाच बफर म्हणतात. आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाकीसारखं समजा. पालिकेचं पाणी दिवसातून काही तासच येतं पण नळ दिवसभर चालतो, कारण मधे टाकी आहे. फोनच्या टाकीत साधारण अर्धा-एक मिनिटाचा व्हिडिओ पुढचा भरून ठेवलेला असतो. दोन टॉवरच्या मधे नेट २० सेकंद गेलं तर तुम्हाला कळतही नाही, तुम्ही टाकीतलं बघत असता. नेट ४० सेकंद गेलं आणि टाकीत ३० सेकंदांचाच माल होता, तर शेवटचे १० सेकंद गोल फिरणार. म्हणजे गोल फिरायला लागतं तेव्हा नेट त्या क्षणी गेलेलं नसतं, ते आधीच कधीतरी गेलेलं असतं, मागच्या स्टेशनच्या आसपास. हे लक्षात न आल्यामुळेच लोक चुकीच्या जागेला दोष देतात, मुलुंडला फिरायला लागलं म्हणून मुलुंडला नेटवर्क नाही म्हणतात, खरं तर गडबड नाहूरच्या आसपासच झालेली असते.

इथे बऱ्याच जणांचा एक जुना प्रश्न असतो, की पूर्वी व्हिडिओ पॉज करून ठेवला की ती राखाडी रेघ पूर्ण शेवटपर्यंत भरायची, आता का भरत नाही? तेव्हा व्हिडिओ खरंच एका फाइलीसारखा सलग उतरायचा. आता तुकडा पद्धत आहे आणि अॅप मुद्दाम ठरावीक मर्यादेपुढे भरत नाही, कारण बहुतेक माणसं व्हिडिओ अर्ध्यात सोडून पुढे जातात आणि न बघितलेला भाग उतरवणं म्हणजे कंपनीचाही खर्च आणि तुमचाही डेटा फुकट. त्यामुळे डोंबिवलीला गाडीची वाट बघताना व्हिडिओ पॉज करून ठेवायचा आणि मग प्रवासात आरामात बघायचा, हा जुना उपाय आता चालत नाही. मिनिटभर पुढचं मिळेल, तासाभराचं नाही.

आता टॉवरकडे वळू, कारण खरं दुखणं तिथे आहे.

काड्या काय दाखवतात? टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती जोरात ऐकू येतो एवढंच. टॉवरकडे तुमच्यासाठी वेळ आहे का, हे काड्या सांगतच नाहीत. एका टॉवरला साधारण तीन दिशांना तीन तोंडं असतात, आणि एकेका तोंडाकडे वाटायला ठरावीक माल असतो, तो त्या भागातल्या सगळ्यांमध्ये वाटला जातो. फोर-जीमध्ये टॉवर दर सेकंदाला हजार वेळा ठरवतो की आता कुणाला द्यायचं. आता साधा हिशोब करू. समजा एका तोंडाकडून प्रत्यक्षात ४० एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट डेटा) मिळतायत, आणि संध्याकाळी साडेसहाला दादरला त्याच्या हद्दीत तुमच्याच कंपनीचं सिम असलेले ३०० जण एकाच वेळी काहीतरी बघतायत. प्रत्येकाच्या वाट्याला ०.१३ एमबीपीएस. ४८०पीला साधारण १ एमबीपीएस लागतात, म्हणजे हवे त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढंच मिळतंय, आणि काड्या मात्र फुल्ल, कारण टॉवर समोरच्याच बिल्डिंगवर आहे. १२ डब्यांच्या गाडीत गर्दीच्या वेळी चार-पाच हजार माणसं असतात, दादरला एका वेळी अशा कितीतरी गाड्या उभ्या असतात, शिवाय पूल, प्लॅटफॉर्म, बाहेरचं मार्केट, तेव्हा ३०० हा आकडा मी काही फुगवून धरलेला नाहीये.

त्यात अजून एक गोष्ट होते जी मला स्वतःला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते. गाडी पुढे जाते तसा फोन एका टॉवरचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो. फोन सतत आजूबाजूच्या टॉवरचा जोर मोजत असतो आणि कळवत असतो, आणि नेटवर्क सांगतं की आता तिकडे जा. ताशी ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर, शहरात टॉवर जवळजवळ असतात त्यामुळे अर्ध्या-पाऊण मिनिटाला एकदा हे होतच राहतं. एकट्या फोनसाठी ही बदली इतकी झटपट होते की काही जाणवत नाही. पण लोकलमध्ये एकटा फोन नसतोच, अख्खी गाडी एकदम हद्द ओलांडते, शेकडो-हजारो फोन काही सेकंदांच्या आत एकाच वेळी नव्या टॉवरच्या दारात उभे राहतात, आणि तो टॉवर आधीच तिथल्या सोसायट्यांमधल्या लोकांना वाटप करत असतो. मग काहींची बदली लांबते, काहींची फसते आणि फोनला परत पहिल्यापासून जोडून घ्यावं लागतं. गाडीच्या वेगाचा संबंध येतो तो एवढाच, की बदल्या वारंवार होतात. सिग्नल "पकडत नाही" असं काही नसतं.

डब्याचाही हात आहे. लोकलचा डबा म्हणजे स्टीलची पेटी, आणि रेडिओ लहरींना धातूतून जाता येत नाही, त्या दारं-खिडक्यांतून आत येतात. साध्या लोकलला दारं उघडी, खिडक्या उघड्या, त्यामुळे बरंच भागतं. एसी लोकलमध्ये (पश्चिम रेल्वेवर पहिली धावली डिसेंबर २०१७ मध्ये) दारं बंद, काचा बंद, म्हणजे आत यायला फक्त काच उरली. आणि वर माणसं. माणसाच्या शरीरात बहुतांश पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषून घेतं, त्यामुळे तुम्ही डब्याच्या मधोमध चारी बाजूंनी दाबून उभे असाल तर तुमच्या आणि टॉवरच्या मधे पंधरा-वीस माणसांची भिंत असते. बरं सिग्नल कमजोर झाला की टॉवर तुमच्याशी हळू आणि जपून बोलतो, म्हणजे तेवढाच व्हिडिओ पोचवायला टॉवरचा जास्त वेळ खर्च होतो, म्हणजे तुमच्यामुळे बाकीच्यांच्याही वाट्याला कमी. गर्दीचा असा दोन्हीकडून मार बसतो.

काही जागा मुळातच अवघड असतात. मानखुर्द-वाशी किंवा भाईंदर-नायगावच्या मधे खाडीवर पूल आहे, खाडीत टॉवर नाही, दोन्ही काठांवरच्या टॉवरवरच भिस्त. कल्याणच्या पुढे कसारा-कर्जतकडे गर्दी विरळ होते पण टॉवरही लांब लांब होतात. पुणे-मुंबई पासवाल्यांना माहीतच आहे, कर्जत-लोणावळ्याच्या मधे घाटात एक बोगदा संपतो तोवर दुसरा, तिथे टाकी भरायला सवडच मिळत नाही. मेट्रो ३ चं वेगळं, आरे ते कफ परेड ३३.५ किमी, २७ पैकी २६ स्टेशनं जमिनीखाली, तिथे बाहेरच्या टॉवरचा काही उपयोगच नाही. अशा ठिकाणी नेटवर्क द्यायचं तर खालीच छोटे अँटेना बसवावे लागतात, नाहीतर बोगद्याच्या भिंतीवरून एक खास केबल न्यावी लागते जिच्या आवरणाला मुद्दाम बारीक खाचा ठेवलेल्या असतात आणि त्यातून सिग्नल लांबीभर झिरपत राहतो. म्हणजे जमिनीखाली रेंज येते ती कुणीतरी मुद्दाम आणली म्हणून.

मॅच बघणाऱ्यांचं दुःख अजून वेगळं. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत पुढचा मिनिट आधीच आणून ठेवता येतो, लाइव्ह मॅचचा पुढचा मिनिट अजून घडलेलाच नसतो. टाकी छोटीच राहणार, आणि कंपन्यांनाही ती छोटीच ठेवायची असते, नाहीतर शेजारच्याच्या फोनवर विकेट पडते आणि तुमच्याकडे बॉलर अजून रनअपवर. त्यात तीच गोष्ट सगळे एकाच वेळी बघणार. १९ नोव्हेंबर २०२३ ला वर्ल्ड कपची फायनल होती तेव्हा हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. सर्व्हरने ते पेललं, पण टॉवरच्या पातळीवर लोकलमध्ये जो माल मिळतो तो तेवढाच. म्हणून मॅच लोकलमध्ये बघायची तर क्वालिटी हाताने खाली आणून ठेवा, ऑटोवर सोडू नका. ऑटो थोडं चांगलं नेट दिसलं की लोभाने वर चढतं आणि पुढच्या स्टेशनला आपटतं.

बऱ्याच जणांना असंही वाटतं की व्हिडिओ अमेरिकेहून येतो म्हणून अडकतो. नाही, लोकप्रिय व्हिडिओंच्या कॉपी मोठ्या कंपन्यांनी आपल्याकडच्या नेट कंपन्यांच्याच जागेत सर्व्हर ठेवून आधीच आणून ठेवलेल्या असतात. व्हिडिओ तुमच्यापासून काही किलोमीटरवर असतो. अडचण असते ती शेवटच्या टप्प्यात, टॉवर ते तुमचा हात.

आता पैशाचं बघू, कारण रिचार्ज महाग होत चाललाय आणि डेटा कुठे जातो ते कळलंच पाहिजे. एक आकडा पाठ करून ठेवा, १ एमबीपीएस तासभर चाललं की ४५० एमबी. बाकी सगळं त्रैराशिक. ४८०पी साधारण १ एमबीपीएस, म्हणजे तासाला अर्धा जीबी धरा. ३६०पी त्याच्या अर्ध्याच्या आसपास. ७२०पी दोन-अडीच एमबीपीएस, म्हणजे तासाला एक जीबी किंवा थोडं वर. १०८०पी दोन जीबीच्या घरात. कल्याणहून सीएसएमटी साधारण ५४ किमी, जाऊन येऊन दोन तास तर सहज जातात, त्यामुळे ७२०पीवर बघत गेलात तर रोजचा दोन जीबीचा पॅक घरी पोचायच्या आधीच खलास, आणि ४८०पीवर बघितलंत तर निम्मा शिल्लक. सहा-साडेसहा इंचाच्या स्क्रीनवर, हलत्या गाडीत, हात लटकवून उभं राहून ४८०पी आणि ७२०पीमधला फरक डोळ्याला कळत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. तो डेटा वाया जातो.

पॅक संपल्यावर बऱ्याच प्लॅनमध्ये नेट बंद होत नाही, स्पीड ६४ केबीपीएसवर, म्हणजे १ एमबीपीएसच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्यात मेसेज जातो, व्हिडिओ नाही. ४८०पीचा सहा सेकंदांचा एक तुकडा त्या स्पीडने यायला दीड मिनिट लागतं. सहा सेकंद बघायला दीड मिनिट.

रील्स आणि शॉर्ट्सवाल्यांनी एक गोष्ट जास्त लक्षात ठेवा. टिकटॉक २०२० च्या जूनमध्ये बंद झालं आणि त्याच वर्षी रील्स-शॉर्ट्स आले, तेव्हापासून डब्यात निम्मे अंगठे वर सरकत असतात. बोट वर सरकवलं की पुढचा व्हिडिओ क्षणात सुरू होतो ना, तो क्षणात आलेला नसतो. तुम्ही आधीचा बघत असतानाच अॅपने पुढचे दोन-चार गुपचूप उतरवून ठेवलेले असतात. तुम्ही ते दोन सेकंदात उडवले तरी त्यांचा उतरलेला डेटा तुमच्या खात्यात लागलाच. म्हणून अर्धा तास सिरियल बघणाऱ्यापेक्षा अर्धा तास रील्स सरकवणाऱ्याचा डेटा जास्त गेलेला दिसतो. बहुतेक अॅपमध्ये डेटा सेव्हर नावाचं बटण सेटिंगमध्ये असतं, ते चालू केलं की हे आगाऊ उतरवणं कमी होतं.

एकाच क्वालिटीच्या दोन व्हिडिओंना डेटा सारखा लागतो असंही नाही. ४८०पीची दर सेकंदाची ३० चित्रं जशीच्या तशी पाठवायची म्हटली तर जवळपास १४७ एमबीपीएस लागतील. ती १ एमबीपीएसमध्ये बसतात कारण अख्खं चित्र दर थोड्या वेळाने एकदाच पाठवतात, मधल्या वेळात फक्त काय बदललं तेवढंच. बातम्या देणारी बाई बसलेली आहे, मागचा पडदा तोच, टेबल तेच, हलतायत फक्त ओठ आणि हात, तर पाठवायला फारसं काही नसतंच. पण विसर्जन मिरवणुकीत गुलाल उडतोय, किंवा कॅमेरा बॉलच्या मागे स्टँडमधल्या गर्दीवरून फिरतोय, तिथे प्रत्येक कण हलतो, सगळंच बदलतं. तेवढ्याच जागेत ते कोंबायचं म्हटलं की चित्राचे चौकोन चौकोन पडतात. प्रवासात गप्पांचे, मुलाखतींचे, व्याख्यानांचे व्हिडिओ नीट चालतात आणि मॅच अडकते त्याचं हेही एक कारण आहे.

हे आकुंचन करायच्या पद्धतीही सुधारत आल्यात. एच.२६४ ही २००३ सालची, आजही सगळीकडे चालते. २०१३ मध्ये एचईव्हीसी आणि व्हीपी९ आल्या, २०१८ मध्ये एव्ही१, आणि प्रत्येक नवी पद्धत तेच चित्र कमी डेटात बसवते. पण उलगडायला मेहनत जास्त. फोनच्या चिपमध्ये त्यासाठी खास भाग असेल तर ठीक, नसेल तर ते काम मुख्य प्रोसेसर करत बसतो, आणि फोन तापतो, बॅटरी उतरते. लोकलमध्ये फोन तापायचं दुसरं कारण म्हणजे रेंज. सिग्नल कमजोर झाला की टॉवरपर्यंत आवाज पोचावा म्हणून फोन जास्त जोर लावून बोलतो, आणि तो जोर बॅटरीतूनच येतो. फाइव्ह-जी (आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ पासून) जिथे येऊन-जाऊन असतं तिथे फोन सारखा फोर-जी, फाइव्ह-जी, परत फोर-जी करत बसतो. रोजच्या रूटवर असं होत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन प्रवासापुरतं फोर-जीवर ठेवून बघा, कितीतरी वेळा ते जास्त स्थिर चालतं. पण गर्दीच्या स्टेशनांवर फोर-जीच जास्त भरलेलं असतं, तिथे उलटं होईल, तेव्हा दोन्ही करून बघा आणि ठरवा.

यावरून एक महत्त्वाचं. वरचं सगळं वाचून कुणाला वाटेल की मग दारात उभं राहावं, तिथे सिग्नल चांगला. सिग्नल चांगला असतो, पण दारात फोन हातात धरून उभं राहू नका, हात जोडून सांगतो. ट्रॅकच्या कडेला किंवा खांबापाशी उभं राहून दारातल्या माणसाच्या हातावर काठी मारून फोन पाडणारी फटका गँग काही जुनी गोष्ट नाहीये. फोन गेला तर गेला, पण फटका बसला की माणूस दचकून हात सोडतो किंवा फोन वाचवायला पुढे झुकतो, आणि त्यात लोकांचे पाय गेलेत, जीव गेलेत. मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांच्या वर माणसं मरतात. कानात इअरफोन घालून, नजर स्क्रीनवर ठेवून रूळ ओलांडणारा माणूस बघितला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण गाडीचा भोंगा हा एकच इशारा त्याच्याकडे होता आणि तोही त्याने बंद केलेला असतो. पूल चढायला दोन मिनिटं लागतात, चढा.

कानांचंही बघा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकलात तर चालतं, आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. आता डब्यात चाकांचा खडखडाट, पंखे, माणसं, भजन, हे सगळं आधीच चालू, त्याच्यावर संवाद ऐकू यावेत म्हणून आपण आवाज वाढवतो. रोज दोन तास, आठवड्याला सहा दिवस म्हणजे १२ तास, ८६ डेसिबलवरच तुम्ही मर्यादेच्या बाहेर गेलात. यावर उपाय आवाज वाढवण्याचा नाही, बाहेरचा आवाज कमी करण्याचा आहे. कानात घट्ट बसणारे रबरी टोकाचे इअरफोन घ्या, त्यांनीच बराच फरक पडतो, आणि नॉइज कॅन्सलिंगवाले परवडत असतील तर ते चाकांच्या घरघरीसारखा एकसुरी आवाज चांगला मारतात. रूळ, रस्ता, प्लॅटफॉर्मवर मात्र काढून ठेवायचे. आणि इअरफोन विसरला असाल तर स्पीकरवर लावू नका, बेस्टने २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्या बसमध्ये स्पीकरवर व्हिडिओ लावायला बंदीच घातली, सकाळी सातला दमलेल्या नर्सबाईंच्या शेजारी बसून मोठ्याने रील्स लावणं हे बंदी नसती तरी चुकीचंच होतं.

बसने जाणाऱ्यांना, खास करून घाटातून, अजून एक त्रास होतो, व्हिडिओ बघितला की गाडी लागते. डोळे मेंदूला सांगतात समोरचं चित्र जागच्या जागी आहे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण वळतोय, आणि या दोघांचं जुळत नाही म्हणून मळमळतं. लोकल सरळ जाते म्हणून तिथे कमी होतं. घाटात व्हिडिओ बंद करून खिडकीबाहेर लांबवर बघायचं, दुसरा चांगला उपाय माझ्या माहितीत नाही.

राहिला प्रश्न मग करायचं काय. टॉवर तुमच्या हातात नाही, गर्दी तुमच्या हातात नाही, डबा तर नाहीच. वेळ तुमच्या हातात आहे. रात्री घरी वायफायवर जे नेट रिकामं पडलेलं असतं त्यावर उद्याचे एपिसोड उतरवून ठेवा. वायफाय नसेल तरी रोजच्या पॅकमधला उरलेला डेटा रात्री बाराला तसाही जातो, तो झोपायच्या आधी डाउनलोडला वापरा. नेटफ्लिक्समध्ये डाउनलोड २०१६ च्या शेवटापासून आहे, यूट्यूबने तर भारतात २०१४ मध्येच ऑफलाइनची सोय दिली, ती आपल्यासारख्या नेटवर्कसाठीच दिली होती, आणि तरी डब्यात बघावं तर शंभरातले बहुतेक जण लाइव्ह नेटवरच झुंजत असतात. स्टेशनच्या फुकट वायफायवर फार अवलंबून राहू नका. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून ते सुरू झालं आणि प्लॅटफॉर्मवर बसून वाट बघणाऱ्याला ते खरंच उपयोगी आहे, पण ओटीपी येऊन जोडणी होईपर्यंत लोकल सुटलेली असते.

डाउनलोड करताना ४८०पी किंवा मीडियम निवडा, स्टोरेज वाचतं आणि लवकर उतरतं. डाउनलोड केलेला व्हिडिओ कायमचा तुमचा नसतो हेही माहीत असू द्या, त्याच्यासोबत एक मुदतीची परवानगी उतरते, काही व्हिडिओंना दोन दिवसांची, काहींना महिन्याभराच्या आसपास, आणि मुदत संपली की फाइल फोनमध्ये असूनही अॅप ती लावत नाही, एकदा नेटला जोडून परवानगी ताजी करावी लागते. नेमकी ती नोटीस बोगद्यात येते. म्हणून रात्री डाउनलोड झालं की फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, व्हिडिओ उघडायचा, मधे कुठेतरी सरकवून चालतोय का बघायचा, आणि मग झोपायचं.